एल्वुडची मागची खोली

एल्वुड क्लिंगरने आयुष्यात एकच माणूस मारला, आणि त्यासाठी गावाने त्याला डोक्यावर घेतलं. ज्या गोष्टीसाठी त्याला धरून बडवायला हवं होतं, तिला आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते, म्हणून हे मीच सांगायला हवं.

एल्वुड माझ्या थोरल्या बहिणीचा, रूथचा नवरा. रूथ जाऊन अकरा वर्षं झाली, तरी मी रोज सकाळी त्याच्या दुकानात कॉफी प्यायला जाते. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, आमच्या हेमलॉक फोर्क गावात, त्याचं बंदुका दुरुस्त करायचं दुकान आहे. माणूस भयंकर तुसडा. कोणी गंजलेली नळी आणून टेबलावर ठेवली, की हा तिच्याकडे न बघता आणणाऱ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "बायकोलापण पावसात उभी करतोस का?" तरी माणसं त्याच्याचकडे यायची, कारण बंदुकीचं दुखणं त्याला नुसत्या खटक्याच्या आवाजावरून कळायचं.

दुकानाच्या मागे खिडकी नसलेली एक खोली आहे. तिच्यात भिंतभर लोखंडी कपाट. ज्याचं घर मोडलंय, ज्याची नोकरी गेलीय, ज्याला सकाळी उठून मरावंसं वाटतंय, तो आपल्या बंदुका आणून त्या कपाटात ठेवतो. एल्वुड त्यांना नावाची चिठ्ठी बांधतो आणि काही विचारत नाही.

हे सुरू झालं त्याच्या धाकट्या भावापासून. मर्ल त्याचं नाव. एका मंगळवारी एल्वुडने त्याची शॉटगन दुरुस्त करून दिली. मर्लने आभार मानले, घरी गेला, गोठ्यात जाऊन नळी तोंडात धरली. गोठ्याचं छत एल्वुडने स्वतः शिडीवर चढून धुतलं, कोणाला हात लावू दिला नाही. मी तेव्हा नुकतीच अॅम्ब्युलन्सवर जायला लागले होते. गाई दोन दिवस त्या दारातून आत यायला तयार नव्हत्या. मर्लला पुरल्यावर आठवड्याभरात ते कपाट आलं.

नियम एकच होता. ज्याची बंदूक त्याने स्वतः आणायची, आणि तो स्वतः मागायला आला की त्याला ती मिळायची. मध्ये तिसरा कोणी नाही. बायको नाही, आई नाही, पाद्रीही नाही. एल्वुड त्याला कॉफी पाजायचा, त्याच्या तोंडाकडे नीट बघायचा आणि द्यायचा. तीस वर्षांत चाळीसएक माणसांची शस्त्रं त्या कपाटात राहून गेली, आणि त्यातला एकही माणूस मी स्ट्रेचरवर घातला नाही.

तीन वर्षांपूर्वी राजधानीत कायद्याचं घाटत होतं. घरच्यांनी अर्ज केला आणि न्यायाधीशाला पटलं, तर माणसाच्या बंदुका काही महिने काढून घेता येणार होत्या. लोकांचं ऐकायला आमचा आमदार फायर हॉलमध्ये, म्हणजे आगीच्या बंबाशेजारच्या सभागृहात आला. आमच्या अॅम्ब्युलन्सचं पेट्रोल त्याच हॉलमधल्या बंदूक बक्षीस ठेवलेल्या सोडतीतून येतं, त्यामुळे हवा कुठल्या बाजूची होती ते सांगायला नको. खालच्या शहरातून एक मास्तरीणबाई आल्या होत्या. जावयाने त्यांच्या मुलीला स्वयंपाकघरात गोळी घातली होती. बाई कागदावरून वाचत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "जावई नीट पारखून घ्यायचा होता, बाई."

हॉल हसला. बाईंचा नवरा सत्तरीचा, काठी टेकत चालणारा. तो उठला, शांतपणे मागच्या रांगेपर्यंत गेला आणि काठीची मूठ त्या बोलणाऱ्याच्या नाकावर हाणली. मग खुर्च्या उडाल्या. म्हाताऱ्याला चौघांनी खाली पाडून लाथा घातल्या. दोघांना मी बाजूला ओढलं, तिसऱ्याच्या हाताला चावले, खोटं कशाला सांगू. शेवटी फरशीवर रक्त आणि कोणाचे तरी दोन दात पडले होते. त्या गोंधळात एल्वुड खुर्चीवर उभा राहिला आणि सगळे गप्प झाले.

"ज्यांना शेजारी नाहीत त्यांना न्यायाधीश लागतो," तो म्हणाला. "आमच्या माणसाचं डोकं फिरलं, तर आम्हाला कळतं. आम्ही जाऊन त्याच्या बंदुका घेतो, तो बरा झाला की परत देतो. तीस वर्षं मी हे करतोय. ना कागद, ना पोलीस. माझ्याकडून परत गेलेल्या बंदुकीने एक कोंबडीसुद्धा मेलेली नाही."

मी टाळ्या वाजवल्या. हाताला अजून त्या म्हाताऱ्याचं रक्त होतं आणि मी टाळ्या वाजवल्या. आमदाराने एल्वुडचं वाक्य राजधानीत जसंच्या तसं म्हटलं म्हणे, आणि तो कायदा बारगळला.

रॉय शेडल एल्वुडचा शाळेपासूनचा शिकारीतला जोडीदार. लाकडाची गिरणी बंद पडल्यावर रॉय प्यायला लागला. त्या सप्टेंबरात मला त्याच्या घरून बोलावणं आलं. त्याची बायको लोरेन जमिनीवर बसली होती. कोपराच्या वर हाड कातडीतून बाहेर आलेलं, एक डोळा पूर्ण मिटलेला.

"तळघराच्या पायऱ्यांवरून पडले," ती म्हणाली.

"पायऱ्यांना अंगठी होती का? गालावर उमटलीय," मी म्हटलं.

लोरेनला इस्पितळात पोचवून मी तडक एल्वुडला सांगितलं. ती घरी परतली त्याच दिवशी तो गेला, रॉयला कॉलर धरून अंगणात आणलं आणि मारलं. सत्तरीतला माणूस, पण मुठी लोहाराच्या. रॉय गुडघ्यावर आला तरी एल्वुड थांबला नाही. बरगडी मोडल्याचा आवाज मी गाडीपर्यंत ऐकला. मग दोघंही रडायला लागले. रॉयने स्वतःच्या हाताने दोन पिस्तुलं, एक शॉटगन आणि हरणाची रायफल आणून एल्वुडच्या ट्रकमध्ये ठेवली. लोरेन प्लास्टरमधला हात छातीशी धरून दारात उभी होती.

रॉयने खरंच दारू सोडली. चर्चला जाऊ लागला. दहा आठवडे गेले आणि नोव्हेंबरातला तो शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी हरणांचा हंगाम सुरू होणार होता. आमच्याकडे त्या दिवशी लग्न ठेवत नाहीत आणि मयतसुद्धा सोमवारपर्यंत थांबवतात.

मी दुकानात कॉफी पीत होते तेव्हा आधी लोरेन आली. हातातलं प्लास्टर नुकतंच निघालं होतं.

"एल्वुड, तो आज येईल. देऊ नकोस."

"पितोय का?"

"नाही."

"हात उचलला?"

"नाही. नुसता बघतो. जेवताना बघत बसतो माझ्याकडे. मला ते मारण्यापेक्षा वाईट वाटतं."

एल्वुडने चष्मा काढून पुसला. "लोरेन, बायको नको म्हणाली म्हणून मी उद्या एकाला नाही म्हटलं, तर परवापासून इथे कोणी बंदूक आणून ठेवणार नाही. मग त्या सगळ्या घरात राहतील. तुला तसं हवंय का?"

ती माझ्याकडे वळली. मी काय म्हणाले ते रोज आठवतं मला. मी म्हणाले, "अगं, माणूस सुधारलाय. घरी जा, कालच्या सणाची टर्की उरली असेल, तिचं सूप कर."

रॉय दुपारी आला. एल्वुडने कॉफी दिली, तोंडाकडे बघितलं. पिस्तुलं आणि शॉटगन त्याने ठेवून घेतली. हरणाची रायफल तेवढी दिली, आणि वरच्या नेमाच्या दुर्बिणीमुळे गोळी उजवीकडे जायची, तीही सरळ करून दिली. तुम्हाला हे वेड्यासारखं वाटेल, पण आमच्यात कोणालाच ते वेडेपणाचं वाटलं नसतं. पिस्तूल माणसासाठी असतं. हरणाची रायफल हरणासाठी असते, जसं फावडं बर्फासाठी. तिने कोणी माणूस मारेल हे आमच्या डोक्यातच येत नाही.

शनिवारी उजाडल्या उजाडल्या डोंगरातून आवाज सुरू झाले. मी फायर हॉलमध्ये धिरडी उलटत होते. सातच्या सुमाराला शेडलांच्या बाजूने एक गोळी वाजली, थोड्या वेळाने दुसरी. मी वरसुद्धा बघितलं नाही. एल्वुड झाडावरच्या मचाणावर होता. त्याने ऐकलं आणि स्वतःशीच म्हणाला, "रॉयला मिळालं." जोडीदाराचं हरीण ओढायला मदत करायची असते, म्हणून तो खाली उतरला आणि दोर खांद्यावर टाकून निघाला.

लोरेन कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडली होती. अंगात नारिंगी जाकीट. त्या दिवशी आम्ही सगळेच घालतो, अगदी टपालाच्या पेटीपर्यंत जायचं असलं तरी, चुकून कोणी हरीण समजू नये म्हणून. पहिली गोळी तिच्या पाठीतून आरपार गेली होती. दुसरी तिने रांगत खुराड्याचं दार गाठल्यावर मानेत घातली होती. तिथपर्यंत गवतावर पट्टा उमटला होता.

रॉय पायरीवर बसला होता, रायफल मांडीवर.

"चांगली केलीस रे," तो एल्वुडला म्हणाला. "आता उजवीकडे मारत नाही."

"खाली ठेव, रॉय."

रॉयने नळी उचलली. एल्वुडने खांद्यावरची आपली रायफल काढली आणि वीस पावलांवरून त्याच्या छातीत गोळी घातली. रॉय दारावर आदळला आणि दारासकट आत पडला. एल्वुड सांगतो की त्याला मरायला चार मिनिटं लागली, आणि पूर्ण वेळ तो एल्वुडचं नाव घेत होता.

आम्ही पोचलो तेव्हा एल्वुड लोरेनपाशी बसून आपली टोपी तिच्या मानेवर दाबून धरत होता. ती गार पडली होती. मला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

वर्तमानपत्रात आलं, की शस्त्रधारी सज्जनाने खुन्याला रोखलं. बंदूकवाल्यांच्या संघटनेने फायर हॉलमध्ये जेवण ठेवलं आणि त्याला पितळी पाटी दिली. एल्वुड माईकपाशी गेला. "ती बिचारी आदल्या दिवशी मला सांगून गेली होती, देऊ नकोस म्हणून," तो म्हणाला. "मी दिली. वर दुर्बीण नीट करून दिली." हॉलमध्ये कोणी खोकलं. मग अध्यक्षाने त्याच्या दंडाला धरून हळूच खाली आणलं, म्हणाला, धक्का बसलाय बिचाऱ्याला, आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी बसून राहिले. तेवढंच जमलं मला.

पाटी त्याने लावली नाही. कपाट मात्र चालू ठेवलं.

एप्रिलमध्ये कार्ल वेट्झल आला. जानेवारीत भावाशी मारामारी करून दारूच्या नशेत त्याने आपली रायफल स्वतःहून आणून ठेवली होती. आता त्याला ती हवी होती. त्याची बायको पेगी बाहेर ट्रकमध्ये बसली होती. एल्वुडने कॉफी ओतली नाही. तो कार्लच्या शेजारून बाहेर गेला, ट्रकच्या काचेवर टकटक केलं.

"पेगी, देऊ का?"

कार्ल मागून धावत आला. "माझ्या बंदुकीचं तिला काय विचारतोस, म्हाताऱ्या?" त्याने एल्वुडला फिरवून तोंडावर ठोसा मारला. एल्वुड खडीवर पडला. ओठ फाटला होता. तो ट्रकच्या चाकाला धरून उठला आणि परत काचेशी आला.

"पेगी, देऊ का?"

पेगीने मान हलवली. नाही. बाहेरून दिसेल न दिसेल एवढीच.

एल्वुडने आत जाऊन कपाटाला कुलूप लावलं. कार्लने पोलिसांना बोलावलं. आलेला हवालदार शिकारीचे सुरक्षा नियम एल्वुडकडूनच शिकलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली.

"एल्वुड, बंदूक त्याची आहे. त्याच्यावर गुन्हा नाही. तू ठेवून घेतलीस तर चोरी होते."

"तिला विचार ना."

"तिला विचारून काय करू? तिने अर्ज करावा आणि न्यायाधीशाने हुकूम द्यावा असा कायदाच नाही आपल्याकडे. असता तर आत्ता घेऊन गेलो असतो." तो बोलता बोलता थांबला. तो कायदा कोणी पाडला ते त्यालाही माहीत होतं.

एल्वुडने कुलूप उघडलं. चिठ्ठी सोडली, रायफल रिकामी आहे का ते सवयीने बघितलं आणि कार्लच्या हातात दिली. कार्लने ती ट्रकमध्ये स्वतःच्या आणि पेगीच्या मध्ये उभी केली. पेगी दाराकडे सरकून बसली. ट्रक वळून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही तिघं खडीवर उभे होतो.

मी त्याच्या ओठाला लावायला कापूस काढला. त्याने माझा हात बाजूला केला.

"अर्लीन, आज अॅम्ब्युलन्स कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग घरी जाऊ नकोस," तो म्हणाला. "वेट्झलांच्या वळणाशी जाऊन थांब."