दलाल मोरेश्वरभाऊ आणि तलावावरची मोजणी

सौंसरच्या संत्रा मंडीत मोरेश्वरभाऊ लिलाव पुकारायचे. आवाज असा की पांढुर्ण्याचे व्यापारी म्हणत, "मोरेश्वरचा लिलाव ऐकायले सौंसरले जाणं पडत नाही, आपल्या बसस्टँडवर उभं राहिलं तरी भागते."

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर हा आवाज फाटायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी आरसा घालून घशात पाहिलं आणि सांगितलं, "आत गाठी आल्या आहेत. होळीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." ऐन हंगामात धाकटा भाऊ अरविंद लिलावाला उभा राहिला आणि मोरेश्वरभाऊ घरी बसले.

बसले म्हणजे काय, चहा हवा की थाळी वाजवायचे, पाणी हवं की दाराची कडी. वरणात मीठ कमी पडलं तर टाळ्या. आम्ही भिंतीला भिंत लागून राहणारे. आम्हाला वाटे शेजारी रोज आरती चालली आहे. आठ दिवसांत सुधावहिनी टेकीला आल्या. "बाप्पा, बोलत होते तेच बरं होतं," म्हणाल्या आणि त्यांनी रामाकोन्याला, माहेरी, निरोप धाडला की यांना कशात तरी गुंतवा.

त्यांचा भाऊ श्रीधर नागपुरात बँकेत होता आणि सुटीच्या दिवशी दुर्बीण घेऊन पक्षी पाहत हिंडायचा. त्या जानेवारीत देशभरातले असे हौशी लोक आपापल्या भागातल्या तलावांवरचे पक्षी मोजणार होते, बिनपगारी. रामाकोन्याजवळचा तलाव श्रीधरकडे होता आणि त्याला जोडीला माणूस हवा होता.

"ताई, येणारा गप्प बसला पाहिजे," तो म्हणाला.

"माझ्याइथं हाय एक," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टरनंच गप्प केलेला."

मोजणीच्या रविवारी पहाटे दोघं तलावाच्या पाळीवर पोचले. श्रीधरने समजावलं, "भाऊजी, डावीकडचं मी मोजतो, उजवीकडचं तुम्ही. दहा झाले की एक खडा बाजूला ठेवा." मोरेश्वरभाऊंनी मान डोलावली. ज्यानं जन्मभर ट्रकच्या ट्रक संत्री मोजली, त्याला बदकांचं काय!

पण संत्रं पाण्यात बुडी मारत नाही. उजवीकडे सगळ्या टिबुकल्या होत्या, मुठीएवढ्या. सात मोजल्या की तीन गडप व्हायच्या आणि भलतीकडेच वर यायच्या. त्या मोजलेल्या की नव्या? मोरेश्वरभाऊंनी खडे मांडले, मोडले, पुन्हा मांडले. शेवटी श्रीधरच्या दंडाला चिमटा काढून त्यांनी हातवारे केले. त्याचा अर्थ सरळ होता: हा माल जागेवर राहत नाही, सौदा रद्द.

"पुन्हा मोजा," श्रीधर कुजबुजला.

तेवढ्यात उत्तरेकडून एक रांग आली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस, हिमालयापलीकडून येणारे. पंख ताणून, गळ्यातून आवाज काढत ते सरळ पाण्यावर उतरायला लागले. श्रीधरचा डोळा दुर्बिणीला, तोंड दुसरीकडे. मोरेश्वरभाऊंनी त्याला ढोसलं. त्याने हात झटकला. पुन्हा ढोसलं. मग दोन महिन्यांचं मौन पोटातून उसळून वर आलं.

"आलाऽऽ! माल आलाऽऽ!"

अख्खा तलाव उठला. हंस, बदकं, बगळे, काठावरच्या लव्हाळ्यात दडलेले, श्रीधरने पाहिलेलेसुद्धा नव्हते असे, सगळे आभाळात. पलीकडे पाणी पिणाऱ्या म्हशीही पळाल्या. मिनिटभरात पाण्यावर फक्त लाटा.

श्रीधरने दुर्बीण डोळ्यांवरून काढली. "भाऊजी, हे काय करून राहिले तुम्ही!"

भाऊंनी बोलायला तोंड उघडलं, पण आता खरोखरच आवाज नव्हता.

श्रीधरने मोजणीच्या कागदावर काय लिहिलं ते भाऊंनी त्याच्या खांद्यावरून वाचलं: 'स्थानिक गडबडीमुळे पक्षी उडाले.' त्यांनी आधी 'स्थानिक गडबडी'वर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, आणि भुवया उंचावल्या.

"नाही तं कोण? म्हशी?" श्रीधर म्हणाला आणि तणतणत जेवायला घरी गेला.

भाऊ मात्र पाळीवरच बसले. पुढे आवाज थोडाबहुत परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं, "मंडीत मी हाका मारल्या की माणसं गोळा होत. इथं मारली तं सगळे निघून गेले गा. लय वाईट वाटलं." ते हलले नाहीत, तंबाखूही मळली नाही. उन्हं कलल्यावर आधी टिबुकल्या उगवल्या, मग बदकं, आणि सगळ्यात शेवटी तेच हंस. श्रीधर शोधत आला तेव्हा भाऊंच्या पुढे खड्यांचे नीट ढीग लागलेले होते. त्याने पाण्यावर दुर्बीण फिरवून ते पडताळले आणि 'गडबडी'चं वाक्य खोडलं.

मंडी अरविंदकडेच राहिली. भाऊंना त्याची खंत असलीच तर दिसली नाही; हिवाळा लागला की ते रामाकोन्याची बस पकडायचे. पुढच्या मोजणीला त्यांनी सुधावहिनींनाही नेलं. पाळीवर टेकताच वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, ते काळं काय हाय? अन् थो एका पायावर काऊन उभा हाय? जेवले का काही हे?"

भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

वहिनी त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "मले?" त्या म्हणाल्या. "मले गप्प करून राहिले? तुम्ही?"

काठावरचे चार बगळे उडाले.