मापाचं पोलकं

शिंप्याच्या दुकानात चिंध्या जमतात तशा गोष्टीही जमतात. चिंध्या गोधडीत तरी जातात. गोष्टी कोणी नेत नाही, म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंतच शिकलोय, चुका काढत बसू नका.

*

शहाद्याला माझं दुकान. त्या काळी बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत नव्हती. घरचा माणूस जुनं पोलकं मापाला आणायचा, त्यावरून नवं बेतायचं. म्हसावदच्या सोनाबाईचं पोलकं तिचा नवरा रतनभाई घेऊन आला. महिन्यावर पोरीचं लग्न, आईला मांडवात उभं राहायचं होतं. शिवून दिलं. आठ दिवसांत परत! डावी बाजू लोंबते म्हणे. मी खेकसलो, "माप तुमनंच ना?"

रतनभाई खाली बघून म्हणाला, "हाई माप मुंबईले जावाना पहिलेनं शे."

कॅन्सर. डावी छाती कापून टाकलेली.

*

मग डाव्या बाजूला कापूस भरून दिला, त्यांच्याच शेतातला. हलका पडला. एस.टी. स्टँडपर्यंत चालली तर तो गळ्याशी चढला. मी डोकं लढवलं आणि सरकी भरली. कापसाचंच बी ते, वजन बरोबर बसलं. मी स्वतःवर खूश.

सोनाबाई धार काढायला बसली. म्हशीने मान वळवून तोंड थेट छातीला लावलं! म्हशीला रोज सरकीच घालतात, हे मला गाढवाला सुचलं नाही. गोठ्यातल्या बाया हसल्या. त्या दिवसापासून तिने बाहेर पडणं सोडलं.

*

एकदा रतनभाई नुसताच येऊन बसला. बायको भिंतीकडे तोंड करून निजते, लुगडं बदलताना आतून कडी लावते, असं सांगत राहिला. मग हळूच, "माप तू बसाडस. तठे आते कसं दिसस रे?"

नवरा शिंप्याला विचारतो!

मी म्हणालो, "मन्हाकडे कापड येस, बाई नही."

चहा तसाच ठेवून गेला.

*

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा सोनाबाई स्वतः आली. एकटी, पदर दोन्ही हातांनी धरलेला. तेच जुनं पोलकं टेबलावर ठेवलं. मी जन्मात पहिल्यांदा बाईसाठी टेप उचलली. म्हटलं, आता अंगावरच माप घेतो, बरोबर बसवून देतो.

"मन्हं नको. मांडवमा जेठाणी उभी ऱ्हाई. यावरथून पोरीनं पोलकं शिवा, तिले बरोबर येस."

पायरी उतरता उतरता थांबली.

"त्यामा काही भरू नका, भाऊ. तिले सगळं शे."