ओइनुमाला उतरायचं होतं

तोमेआजी रोज सकाळी फलाट झाडायची. झाड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, आणि नको म्हणायला कुणी उरलं नव्हतं. मग बाकावर बसून डोंगरातून येणाऱ्या एका डब्याच्या गाडीची वाट बघायची. गाडी यायची, रिकाम्या फलाटाशी अदबीनं दोन शब्द बोलायची आणि निघून जायची.

बोलायचं काम हल्ली यंत्रातल्या बाईकडे होतं. ही बाई आली आणि गावाचं नावच बदललं. पाटीवरची जपानी अक्षरं तीच, पण ती दोन तऱ्हांनी वाचता येतात. गाव त्यांना ओइनुमा म्हणत आलेलं. शहरातल्या बाईनं ठोकून दिलं, नामानुमा. म्हणजे कच्ची दलदल!

आजी नाक चिमटीत धरून तिची नक्कल करायची, "आदरणीय प्रवासीहो, कृपया चिखलात सांभाळून उतरावे." हसायला समोर कुणी नसायचं.

आज मात्र मित्सुए येणार होती. लहानपणची मैत्रीण, लग्न होऊन खालच्या खोऱ्यात गेलेली. आता तिचे दोन्ही डोळे गेले होते. मुलगा तिला गाडीत बसवून देणार आणि ती नाव ऐकून उतरणार, असं ठरलेलं. आजीनं पहाटेच भोपळा शिजवून ठेवला होता.

गाडीची शिट्टी ऐकली आणि आजीच्या ध्यानात आलं. मित्सुए ओइनुमाची वाट बघत बसेल, आणि ही टवळी ते नाव घेणारच नाही!

गाडी थांबली. पुढचं दार उघडलं. कुणी उतरलं नाही. आजी गुडघे सांभाळत पोचते तोवर दार मिटलं, गाडी हलली.

"मित्सुएऽ! अगं भवाने, ऊठ! ओइनुमा आलं!"

आतून किंकाळी आली, "तोमेऽ!"

करकचून ब्रेक लागला. तोमे म्हणजे थांब. मुली पुरे झाल्या म्हणून आईबापांनी शेंडेफळाला ठेवलेलं नाव.

चालकानं घाबरून दार उघडलं. "आपण थांबवा म्हणालात?"

"मैत्रिणीला हाक मारली रे बाबा!" मित्सुए म्हणाली.

"पण आजी, आपल्याला ओइनुमाला जायचंय ना? हे तर नामाऽ..."

"तुझ्या बापाला विचार!" फलाटावरून आजी कडाडली.

"वडील ओसाकाचे आहेत, आजी," तो नम्रपणे म्हणाला, आणि हात धरून मित्सुएला उतरवलं.

गाडी बोगद्यात शिरली. मित्सुए आजीचा चेहरा चाचपत म्हणाली, "सुरकुतलीस की गं."

"तुला दिसत नाही तेच बरंय."

दोघी हसल्या. मग मित्सुए कान देऊन उभी राहिली. कुठं कुत्रं नाही, करवतीचा आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं.

"तोमे, गावातली माणसं कुठायत गं?"

"झोपलीत."

"सकाळी?"

"म्हातारी झालीत सगळी," आजी म्हणाली.

मित्सुएनं आजीची बाही घट्ट धरली. "सावकाश चाल," ती म्हणाली. "उठतील नाहीतर."