होडीत न चढलेला खलाशी

पुस्तकांवर मी नावाची फक्त आद्याक्षरं छापते, त्यामुळे वाचकांच्या पत्रांची सुरुवात बहुधा ‘माननीय कॅप्टनसाहेब’ अशी असते. आगबोटी, वादळं, फुटलेली गलबतं यांवर पाच पुस्तकं लिहिणारा माणूस निवृत्त दर्यावर्दीच असणार, असं लोक धरून चालतात. मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलच्या तपासणी प्रयोगशाळेत नोकरी केली. राहायला तिथल्याच रुआबांध्यात. पन्नाशी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता.

आमचं काम साधं होतं. जाड पोलादी पत्र्याचा बोटाएवढा तुकडा कापून यायचा. तो बर्फाहून थंड करायचा, यंत्रात ठेवायचा आणि त्यावर जड हातोडा सोडायचा. तुकडा किती जोर सोसून तुटला, ते वहीत लिहायचं. पहिल्याच वर्षी मी आमच्या फोरमनना विचारलं, “सर, इथे एवढं ऊन, मग पत्रा गार करून कशाला तोडायचा?”

“ये प्लेट जहाज में लगेगी, मॅडम,” ते म्हणाले. “ठंडे पानी में कांच की तरह नहीं टूटनी चाहिए.”

त्या उत्तरानं मी कामाला लागले. जहाजं बुडतात कशी, हे शोधत वाचनालयातली पुस्तकं संपवली. मग नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत लिहू लागले. वडील गोंदियाकडून भट्टीवर कामाला आलेले. त्यांना पुरवणी वाचून दाखवली की हसायचे. “तुले पवता तरी येते का? मंग जहाजावर कावून लिवून राहिली?”

माझं पहिलं पुस्तक स्वातंत्र्याच्या आधी कोकण किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका आगबोटीवर होतं. ते खूप खपलं. त्यातलं शेवटचं प्रकरण लोकांना फार आवडायचं. पाणी आत घुसतं, खालच्या डेकवरचे गरीब उतारू दार ठोठावत राहतात आणि खलाशी त्यांना टाकून होडीत उड्या मारतात. कार्यक्रमात हे प्रकरण मी वाचायची तेव्हा सभागृहात चिडीचूप व्हायचं. मला ती शांतता आवडायची, हेही कबूल करते.

पुस्तकाची चौथी आवृत्ती निघाली त्या सुमारास रत्नागिरीकडच्या एका बंदरगावातून पत्र आलं. अक्षर कॉलेजातल्या मुलीचं होतं, मजकूर तिच्या आजीचा. ‘माझा बापूस त्या बोटीवर खलाशी होता. नातीनं तुमचं पुस्तक मला वाचून दाखवलं. माझा बापूस होडीत चढला नव्हता. त्याचं प्रेतसुद्धा आम्हाला मिळालं नाही.’ आणखी काही नाही. रागाचा शब्दही नाही.

मी पत्र घडी घालून कपाटात ठेवलं. मनाशी म्हटलं, माझ्याकडे त्या अपघाताचा सरकारी चौकशी अहवाल आहे. लेकीला बाप शूरच वाटणार. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी वडिलांना पत्र वाचून दाखवलं. तेव्हा ते भिलाईतच कोहक्याला माझ्या भावाकडे राहत होते, डोळ्यांनी अधू झाले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “त्या अहवालात बुढीच्या गावच्या कोनाले इचारलं होतं का?”

“माहीत नाही, बाबा.”

“मंग काढून पाय ना बाई. वाचता तर तुलेच येते.”

घरी येऊन अहवालाची जुनी झेरॉक्स कपाटातून काढली. साक्षी देणारे सगळे वरच्या वर्गाचे उतारू आणि अधिकारी होते. खालच्या डेकवरून वाचलेल्या एकाचीही साक्ष नव्हती. आणि ज्या वाक्यावर मी अख्खं प्रकरण उभं केलं होतं, ते इंग्रजी वाक्य मी पुन्हा वाचलं. त्याचा अर्थ एवढाच होता, की पहिल्या होडीत नोकरवर्गातले दोघे दिसले. दोघे! मी ‘खलाशी’ लिहिलं होतं. सगळेच्या सगळे. अहवाल खोटं बोलला असेल-नसेल, पण हा फुगवटा माझा होता. प्रयोगशाळेत एका तुकड्याच्या आकड्यावरून मी अख्ख्या दिवसाचा माल नापास केला असता, तर मला कुणी दारात उभं केलं नसतं.

मी त्या गावाला गेले. समुद्र पहिल्यांदा दिसला तो रिक्षातून, नारळांच्या आड, आणि मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. आजींना काय सांगायचं तेच घोकत होते.

आजी ओसरीवर सुकटीतला कचरा निवडत बसल्या होत्या. नव्वदीच्या जवळ आलेल्या, पाठीतून वाकलेल्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला खालीवर पाहिलं.

“बाईमाणूस आहेस होय? मला वाटलं कोणी सायब असेल.”

“आजी, माझी चूक झाली,” मी म्हटलं. “दोन माणसांबद्दल वाचलं आणि सगळ्यांना पळपुटे ठरवलं.”

त्यांनी मला बसायला पाट सरकवला. मग त्यांनी सांगितलं, की त्या नऊ वर्षांच्या असताना एक वाणी त्यांच्या घरी आला होता. तो खालच्या डेकवर होता. आजींच्या बापानं कुऱ्हाडीनं दार फोडलं, पंधरा-वीस माणसं वर काढली आणि पुन्हा खाली उतरला, असं तो वाणी म्हणाला. पुढे दर नारळी पौर्णिमेला तो नारळ घेऊन यायचा, मरेपर्यंत.

“हे खरं कशावरून, असं तू विचारशील,” आजी म्हणाल्या. “मला नाय सांगता यायचं. मी तिथं नव्हते. पण तू पण नव्हतीस, बाय.”

मी सुकटीचं सूप पुढे ओढलं आणि त्यांच्याबरोबर निवडू लागले. निवडता निवडता माझ्या वडिलांचं, त्यांच्या अधू डोळ्यांचं बोलणं निघालं.

पुण्याचे प्रकाशक सज्जन गृहस्थ. फोनवर म्हणाले, “मॅडम, एक ओळ बदला, तळटीप टाका. त्या प्रकरणावरच तर पुस्तक चालतं.” मी म्हटलं, प्रकरण नव्यानं लिहिते, नाहीतर पुढची आवृत्ती काढू नका. ते नाराज झाले, पण थांबले. नव्या प्रकरणात मी अहवालात काय आहे, कुणाला विचारलं नाही आणि आजींनी काय सांगितलं, हे वेगवेगळं लिहिलं. खरं काय ते मला ठाऊक नाही, हेही लिहिलं. ते प्रकरण पूर्वीइतकं रंगत नाही. एका वाचकानं तसं कळवलंही.

नवी प्रत आजींना पाठवली. नातीचा फोन आला. तिनं ते प्रकरण त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं. मग आजींनी फोन घेतला. “वाण्याचा नारळ लिहिलास ते बरं केलंस,” म्हणाल्या, आणि माझ्या वडिलांचे डोळे कसे आहेत ते विचारलं.

जुन्या आवृत्त्या मात्र हजारो घरांत आहेत. मागच्या महिन्यात इथल्या नेहरू नगरात आमच्या मराठी मंडळात माझा सत्कार झाला. ओळख करून देणाऱ्या गृहस्थांनी ते जुनं प्रकरण जवळजवळ पाठ म्हणून दाखवलं, हातवारे करून, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, माइक हातात घेतला आणि आधी त्या खलाशाची गोष्ट सांगितली. गृहस्थ ओशाळले. चहाच्या वेळी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही, ते वाक्य माझंच होतं.