दिघोरीतलं माझं मरण

फजिती कुठं व्हावी याला काही मर्यादा असते की नाही? दुकानात व्हावी, पंगतीत व्हावी, ठीक आहे. पण भर दुपारी, सासुरवाडीत, सगळ्या गावासमोर, आणि तीही मेलेल्या अवस्थेत? आता ऐकाच. चहाचा घोट मात्र जरा सांभाळून घ्या, मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता.

माझं लाखनीत टेलरिंगचं दुकान, अगदी हायवेला लागून. शाळेचे गणवेश, पायजमे, पिशव्या. ब्लाउज शिवत नाही, उगाच भांडणं होतात. दुकान बंद केलं की आठवड्यातून तीन दिवस मेश्राम सरांच्या अंगणात तालीम.

मेश्राम सर म्हणजे इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण सरांचं वेड निराळं. इंग्रजांची कोणती तरी एक राणी होऊन गेली, तिच्या काळातली चारशे वर्षांपूर्वीची नाटकं! राजे, सरदार, विषाचे प्याले, तलवारी, आणि शेवटच्या अंकात मुडद्यांची रास. सर ती आपल्या बोलीत उतरवायचे आणि आम्ही ती करायचो. आम्ही म्हणजे कोण, तर मी शिंपी, एक कंपाउंडर, दोन प्राथमिकचे मास्तर आणि एसटीतला कंडक्टर धनराज.

सरांचे नियम कडक. "त्या काळी नाटक दिवसाच्या उजेडात होत होतं. आपलंही दुपारी तीनलेच!" पडदा नाही, लाइट नाही, माइक नाही. "त्या काळी बायांची कामं पुरुषच करत होते." झालं! राणी झाला धनराज. आवाज गोड बिचाऱ्याचा, पण मिशी काढायला काही तयार होईना.

"मिशी गेली तं बायको घरात नाही घेणार सर!"

"राहू दे मंग," सर म्हणाले. "पदर धर तोंडावर."

खरं सांगू का, फार मजा यायची हो. दिवसभर दुसऱ्यांच्या पायजम्यात नाड्या ओवणारा माणूस संध्याकाळी कमरेला तलवार लावून "कोण आहे रे तिकडे!" म्हणून ओरडतो, याचं सुख ज्यानं घेतलं त्यालाच कळणार.

पहिली तीन वर्षं मला किरकोळ कामं मिळाली. भालदार झालो, चोपदार झालो, एकदा तर किल्ल्याचा दरवाजा झालो. हसता काय? दोन माणसं हात पसरून उभी राहायची, त्यातला उजवा मी. आणि मग सरांनी नवीन नाटक काढलं आणि मला चक्क सरदाराचं काम दिलं. राजाचा कपटी भाऊ मला खंजीर खुपसतो, मी लांबलचक भाषण करून मरतो, आणि नाटक संपेपर्यंत तिथंच मुडदा म्हणून पडून राहतो. प्रयोग कुठं? दिघोरीला. माझ्या सासुरवाडीला!

इथं मामाजींबद्दल, म्हणजे माझ्या सासऱ्यांबद्दल, बोलायलाच पाहिजे. माणूस धानाचा शेतकरी, पण तरुणपणी झाडीपट्टीच्या स्टेजवर गाजलेला. त्यांचं मरण पाहायला पाच-पाच कोसांवरून बैलबंड्या यायच्या म्हणतात. जावई म्हणून त्यांची माझ्याबद्दल काही तक्रार नव्हती. नट म्हणून? मी दरवाजा झालो होतो त्या प्रयोगाला ते आले होते. जाताना एवढंच बोलले, "दरवाजा हालून राहिला होता."

बस! तेव्हापासून ते वाक्य माझ्या छातीत सुईसारखं बसलं होतं. सरदाराचं काम मिळालं तसं मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी चालेल, पण मामाजींच्या तोंडून एकदा "वा" काढायचाच. दुसरं काही नको मला.

आता ती कॉलर. सरांनी एका पुस्तकातलं चित्र दाखवलं. त्या काळचे सरदार गळ्याभोवती पांढऱ्या चुण्यांची, ताटाएवढी गोल कॉलर घालायचे. आता मंडळीत शिंपी मी एकटाच. म्हटलं, सर, टेन्शन घेऊ नका. धोतराचं पान आणलं, चुण्या घातल्या, पण कॉलर उभी राहील तर शपथ! गळ्यात ओला टॉवेल टाकल्यासारखी दिसायची.

"खळ द्या कडक," सर म्हणाले.

खळीला काय कमी? धानाच्या मुलखात राहतो आपण. तांदळाची कणी घेतली, चुलीवर गंजभर शिजवली, चांगली घट्ट केली आणि कॉलरी त्यात बुडवायला निघालो. तेवढ्यात आमची बायको, छाया, आडवी आली.

"अवो, गाळून तं घ्या. शितं जशीच्या तशी आहेत त्यात."

"तुले काय समजते? शितातच ताकत राहते. गाळली तं सारी ताकत मोरीत गेली."

"मी सांगून राहिली, मंग बोलू नका."

माणसाला सुबुद्धी दारात येऊन हाका मारते आणि आपण आतून कडी लावतो, ते असं. कॉलरी दोन दिवस गच्चीवर वाळवल्या. काय सांगू! पत्रा परवडला. सरांनी टिचकी मारून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. चुण्यांमध्ये शितं दिसत होती थोडी, पण मी म्हटलं, लांबून मोत्यासारखी दिसतील.

घडी होईना, पिशवीत मावेना, म्हणून त्या गळ्यात घालूनच आम्ही एसटीत बसलो. साकोलीच्या पुढे एक आजी चढली. तिनं एकेकाच्या गळ्याकडे पाहिलं.

"काहून बापू, सगळ्यायच्याच माना मोडल्या का? कोणत्या गाडीत होते?"

"नाटकवाले आहोत, आजी," धनराज म्हणाला.

"मंग नाटकात मोडल्या का?"

दिघोरीत चावडीसमोरच्या गुडघाभर उंच ओट्यावर स्टेज होतं. तिन्ही बाजूंनी गाव बसलेलं. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं. धानाची मळणी चालू होती, त्यामुळे गावभर कोंबड्या फिरत होत्या. आणि पुढच्या सतरंजीवर, बरोब्बर मधोमध, मामाजी. त्यांच्या बाजूला त्यांचे चार दोस्त. मला ऐकू येईल अशा आवाजात मामाजी त्यांना म्हणाले, "पाहू बापा, जावईबापू कसे मरतात ते."

आणि मंडळी, मी मेलो! असा मेलो म्हणता! भाषण एका शब्दानं चुकलो नाही. खंजीर काखेत दाबला, दोन गिरक्या घेतल्या आणि धाडकन पडलो. गाव चिडीचूप. मी डाव्या डोळ्याची फट ठेवून पाहिलं, तर मामाजी पुढे सरकून बसले होते. मनात म्हटलं, जमलं!

पण ऊन होतं. माझ्या मानेला घाम सुटला, खळ नरम पडली आणि शितं फुगून वर आली. मी उताणा पडलेलो, गळ्याभोवती ताट, ताटात भात. पहिली कोंबडी आली ती सरळ छातीवर चढली.

टक. टक. टक.

धनराज माझ्याजवळ बसून विलाप करत होता. "माझ्या शूर सरदारा! हाड! तू गेला आन् हे राज्य पोरकं झालं! शुक, शुक! आता कोणाच्या भरवशावर, हाकला ना बे कोणी तिले, कोणाच्या भरवशावर जगू मी?"

एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. एक कोंबडा तर माझ्या कपाळावर उभा राहून कॉलरीत वाकला. लोक पोट धरून हसत होते. ओट्याच्या मागून सर दबक्या आवाजात ओरडले, "हालू नका! मुडदा हालत नसते!"

मी कशाला हालतोय? कानाची पाळी टोचली, हाललो नाही. गुदगुल्या झाल्या, हाललो नाही. दरवाजाच्या वेळी हाललो होतो तेवढं पुरे होतं.

आणि मग ओट्याच्या कोपऱ्यावर एक कावळा येऊन बसला. हसणं एकदम थांबलं.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर मेलेल्याची काही तरी इच्छा राहिली असं समजतात, आणि घरचे लोक हात जोडून एकेक शब्द देत सुटतात. इथं समोर मेलेला माणूस, भाताची शितं आणि कावळा! तो दोन उड्या मारून आला, मान तिरपी केली, शिताकडे पाहिलं आणि मागं सरकला.

"नाही शिवून राहिला व माय," पुढची एक म्हातारी म्हणाली. "जीव अडकला याचा कशात तरी."

"अरे, राणीची काळजी करू नोको गा!" मागून एक जण ओरडला. "राणीले आमी सांभाळू!" मिशीवाल्या राणीनं लाजून पदर ओढून घेतला.

"तुया खुनाचा बदला घेऊ आमी!" दुसरा तर उभाच राहिला. कपटी भाऊ झालेला कंपाउंडर हळूच ओट्यावरून उतरून चालता झाला.

कावळा ढिम्म.

"घरचं माणूस बोलल्याशिवाय नाही शिवत तो," म्हातारी म्हणाली. "घरचं आहे का कोणी?"

सगळं गाव मामाजींकडे वळलं. जावई त्यांचाच ना!

मामाजी उठले. सावकाश ओट्याजवळ आले, डोक्यावरची टोपी नीट केली, हात जोडले. माझ्या डोळ्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी जिंदगीत लय वेळा मेलो. पण अंगावर सहा कोंबड्या घेऊन असं निपचित पडणं मले नसतं जमलं. वा! मानलं तुमाले. पक्के नट आहा तुमी. आता मन शांत करा."

आणि काय आश्चर्य! कावळा टुणकन पुढे आला, माझ्या कॉलरीतलं एक शीत उचललं आणि कोपऱ्यावर जाऊन बसला. सगळ्या गावानं श्वास सोडला. म्हातारीनं हात जोडले. "सुटला बिचारा."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? ज्या एका शब्दासाठी मी झुरत होतो, तो सगळ्या गावासमोर मिळाला होता. कोंबड्या विसरलो, सर विसरलो, मी मेलोय हे विसरलो. ताडकन उठलो, फडफडाट झाला, पिसं उडाली, आणि मी ओट्यावरून उडी मारून मामाजींचे पाय धरले.

"आशीर्वाद द्या, मामाजी!"

म्हातारी किंचाळली. दोन पोरं रडायला लागली. धनराजनं कपाळावर हात मारला. मामाजींनी पायाशी वाकलेल्या माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान वर केली आणि कोपऱ्यावरच्या कावळ्याकडे पाहून म्हणाले,

"थुक गा बाबा ते शीत. मी माहा शब्द वापस घेतला."