मुंढा बदलला तेव्हाचा आकडा

शिवणाचा क्लास चालवणाऱ्या बाईंना सगळे बाईच म्हणत. भाची तेवढी मावशी म्हणे. दोघींनी मिळून कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम केला होता. अंगाची मापं भरली की शर्टाचं कागदी कटिंग छापून मिळे. तेही फुकट. आतला कोड खुला. ज्याला हवा त्याने उघडावा, सुधारावा. कुठकुठले टेलर तो वापरत.

सुधारणा झाली की बाई प्रोग्रामला पुढचा आकडा देत. एकोणचाळीस, चाळीस. मुलं इयत्ता चढतात तसं. आकड्यात काय ठेवलंय, असं त्यांचं मत.

एक्केचाळीसमध्ये त्यांनी खांद्याचा उतार बदलला. चांगल्यासाठीच, पण कुठे बोलल्या नाहीत. दूरच्या एका टेलरमास्तरांनी नेहमीच्या गिऱ्हाइकाची जुनी मापं टाकली आणि डोळे झाकून कात्री चालवली. खांदे आखूड आले. 'चाळीसवर परत गेलो आहे,' मास्तरांनी लिहिलं. 'आता तिथेच बरा.'

बाईंच्या ते जिव्हारी लागलं. पहिल्यापासून साथ देणारा माणूस दुरावला होता. आणि आता मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, सुधारायची होती. मास्तर हलणार नसतील तर ती कोणासाठी सुधारायची?

भाची म्हणाली, "मावशी, आकडे तीन करू. बारीक दुरुस्ती झाली तर शेवटचा वाढवायचा. नवीन सोय आली, पण जुनं कटिंग तसंच, तर मधला. आणि जुन्या मापाचं कटिंग वेगळं येणार असेल तरच पहिला."

"मग मुंढ्याला मधला दे. अर्ध्या बोटाचा तर फरक."

"अर्ध्या बोटाने बाही चढत नाही, हे क्लासात कोण ओरडतं?"

"क्लासातलं क्लासात. पहिला वाढवला की लोक म्हणतील, बाईंचं आधीचं चुकलं होतं."

"चुकलंच होतं ना?"

"तोंड फार चालतं तुझं."

"तुझीच भाची."

बाई मशीनवर बसल्या. एक सरळ शिवण मारली, मग तीच उसवली. दोरे वेचताना म्हणाल्या, "दे पहिला. आणि खाली लिही, मुंढा बदलला आहे. खांदा मागेच बदलला होता, तेव्हा सांगायचं राहिलं."

बेचाळीस, शून्य, शून्य. भाचीने तो सगळ्यांसाठी खुला केला. मास्तरांना बाईंनी स्वतः कळवलं.

बरेच दिवस काही आलं नाही. बाईंनी विचारलंही नाही. भाचीने मात्र फोन वाजला की मान हलवून 'नाही' सांगायची सवय लावून घेतली.

मग एका दुपारी उत्तर आलं. कौतुक नव्हतं. 'पहिला आकडा बदललेला पाहिला. म्हणून चांगल्या कापडाला हात लावला नाही. आधी जुन्या चादरीवर कापून बघतो.'

भाचीचं तोंड पडलं. "अजून विश्वास नाही त्यांचा."

बाईंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

"नसू दे," त्या म्हणाल्या. "कात्री थांबली ना वेळेवर?"

आणि खडू घेऊन क्लासकडे वळल्या.