उंबऱ्यातला सिंह

माझ्या धाकट्या दिरांइतका ऐतखाऊ माणूस गंगेकाठच्या अख्ख्या रामघाटावर दुसरा झाला नाही, आणि त्याला कारण सिंह. तसे ते आधीही आळशीच होते, पण लाजून आळशी होते. आमचं घर घाटावरच्या भटजींचं; मग जुनागढकडचा एक यजमान आपल्या वडिलांचं श्राद्ध करवून घ्यायला आला तो आमच्याकडेच उतरला. गीरच्या जंगलात राखणदार होता. जेवताना सिंहांच्या गोष्टी सांगून तो निघून गेला, निस्तरायचं आमच्या वाट्याला आलं.

तेव्हापासून भावोजी घराच्या एकुलत्या एका दारात उंबऱ्यालगत आडवे पसरायचे, ते गंगेवर ऊन चढलं तरी हलायचे नाहीत. घागर कमरेवर घेऊन मी म्हणायची, "भावोजी, उठा. झोपल्या माणसाला ओलांडू नये." डोळे न उघडता उत्तर यायचं, "वहिनी, सिंह दिवसाचे वीस तास झोपतो. मी अजून शिकतोय." मग मी ओलांडायची, करते काय. शिकार माद्यांनी करायची आणि नरानं आधी जेवायचं, हे तर त्यांनी वेदासारखं पाठ केलं होतं. आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी बसे, हे गृहस्थ पुरुषांच्याही आधी पाटावर. भाजीतले बटाटे वेचून खायचे, आम्ही बायका मागाहून नुसता रस्सा ढवळत बसायचो. त्यात आयाळ म्हणून केस आणि दाढी वाढवली. मी म्हटलं, "कसली ही विरळ आयाळ, कान दिसतात." तर म्हणाले, "गीरच्या सिंहाचे कान दिसतातच," आणि आरशात कान न्याहाळून खूश झाले. आवाज तेवढा खरा होता. घाटावर संकल्प सांगायला लागले की मल्लाह नावेतून ओरडायचा, "महाराज, तनि धीरे, नाव डोल जाई." जरा हळू, नाव हलेल म्हणे.

पुढे माझी कुसुम सासरहून दंडावर चटके घेऊन परत आली. तिचे चुलत सासरे न्यायला आले. आमचे हे म्हणाले, "मुलीची जागा सासरी." माझं कोण ऐकणार. सासऱ्यांनी कुसुमची ट्रंक उचलली आणि ते दाराशी अडले, कारण तिथे भावोजी झोपले होते.

"उठा, गाडीची वेळ झाली."

"सिंहांत मुली घर सोडत नाहीत," भावोजी म्हणाले. "आयाबहिणींपाशीच राहतात. बाहेर काढतात ते मुलग्यांना. दादा, तुला जायचं तर तू जा."

मला वाटलं, आता तरी हे गर्जना करतील. कुठलं काय, कूस बदलली. मी रोज ओलांडत होते, पण मी घरची. वेदपाठी ब्राह्मणाला ओलांडायची पाहुण्यांची छाती होईना. ताटकळले, चिडले, विनवण्या केल्या. गाडी गेली. शेवटी त्यांनी ट्रंक खाली ठेवल्यावर भावोजींनी पाय आखडून त्यांना वाट दिली. ते पुन्हा आले नाहीत.

त्या दुपारी भावोजींनी आपल्या पाटावर कुसुमला बसवलं. "आधी ही जेवेल," म्हणाले, आणि सगळे बटाटे तिच्या पानात वाढायला लावले.

"सिंह असं करतो होय?" मी विचारलं.

"नाही वहिनी. त्या बाबतीत सिंह हलकट आहे."

दुसऱ्या दिवशी पाट त्यांचा आणि बटाटेही त्यांचेच. कुसुम पुढे शाळेत शिकवू लागली, अजून माझ्याजवळ आहे. भावोजी गेले. आता घरात नळ आहे, घागर नाही, दार मोकळं आहे. तरी उंबऱ्याशी आले की माझा पाय आपसूक उंच पडतो. माझे गुडघे दुखतात, त्यालाही तेच जबाबदार.